नागपूरची मावशी, नागासाकीच्या बाई

माझी मावशी सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आमच्याकडे रेडमंडला आली तेव्हा आम्ही तिच्यासाठी भरगच्च प्लॅन करून ठेवला होता. ट्यूलिपची शेतं, धबधबा, बोटीतून व्हेल मासे, आउटलेट मॉल. मावशीने तो सगळा कार्यक्रम चष्मा लावून ऐकला. हो, चष्मा लावून, कारण चष्म्याशिवाय तिला नीट ऐकू येत नाही असं तिचं म्हणणं आहे. मग म्हणाली, "हे सगळं ठीक आहे. पण अणुभट्टी कुठे आहे?"

मावशी नागपूरच्या एका मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवून रिटायर झालेली. लग्न केलं नाही, सोनं घेतलं नाही, तीर्थयात्रेला गेली नाही. तिच्या बोलण्यातून मला पहिल्यांदा कळलं की जगातली पहिली मोठी अणुभट्टी आमच्याच राज्यात आहे, आमच्या घरापासून साडेतीन-चार तासांवर. आता ती बंद आहे, स्मारक म्हणून जपून ठेवली आहे आणि लोकांना दाखवतात. इतकी वर्षं इथे राहून, दोन घरं बदलून, असंख्य वीकेंड कॉस्टको दुकानाच्या पार्किंगमध्ये घालवून मला याचा पत्ता नव्हता.

"हॅनफर्ड," मावशी म्हणाली. "पुस्तकात एक ओळ असते. मी दरवर्षी शिकवायची. आता इथवर आले तर बघून जाते."

जूनमधल्या एका शनिवारची दोन तिकिटं मी बुक केली. नवरा त्या आठवड्यात ऑन-कॉल होता, म्हणून त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. मावशीने आदल्या दिवशी तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, चिवडा बांधला, वर खारे दाणे वेगळे घेतले.

"मावशी, तिथे सँडविच मिळतं."

"मिळू दे नं. त्याला कोण अडवून राहिलं?"

रेडमंडहून निघालो तेव्हा भुरभुर पाऊस होता. डोंगराची खिंड ओलांडली आणि पलीकडे एकदम लख्ख ऊन, झाडं गायब, तांबूस-पिवळे उघडे माळ. मावशी खिडकीला नाक लावून बसली होती. "हे तर आपल्या खामगावकडचं वाटून राहिलं," ती खूश होऊन म्हणाली, आणि बघता बघता दोन पुऱ्या संपवल्या.

रिचलंड नावाच्या छोट्या गावातून टूरची बस सुटते. बसमध्ये वीसेक माणसं असतील. बहुतेक टोपी घातलेले रिटायर्ड अमेरिकन, एक-दोन जोडपी, आणि आमच्या पुढच्या सीटवर एक जपानी वाटणाऱ्या वयस्कर बाई व त्यांची मुलगी. बाई ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. बारीक चणीच्या, ताठ बसलेल्या, डोक्यावर निळी सुती टोपी. मुलगी माझ्याहून थोडी मोठी, पन्नाशी ओलांडलेली.

गाइड होते एक आजोबा. तरुणपणी तिथेच इंजिनियर होते, आता हौसेने लोकांना फिरवत होते. बस माळावरून चालली होती आणि ते सांगत होते की युद्धाच्या काळात इथली गावं, फळबागा एका फटक्यात रिकाम्या करायला लावल्या, पिढ्यान्‌पिढ्या नदीवर मासे धरणाऱ्या मूळ रहिवाशांनाही हटवलं. हजारो कामगार आणले. त्यांना पगार चांगला होता, पण आपण काय बनवतोय हे माहीत नव्हतं. "बॉम्ब पडल्याची बातमी आली तेव्हा त्यांना समजलं," आजोबा म्हणाले. पुढच्या सीटवरच्या निळ्या टोपीने हळूच मान डोलावली. मला वाटलं, बाईंना इतिहासाची आवड दिसते.

आत शिरलो आणि समोर ती भिंत उभी होती. चार मजली इमारतीएवढी उंच, आणि खालपासून वरपर्यंत नुसती नळ्यांची तोंडं, शिस्तीत, एकमेकांना चिकटून. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. लोक खुर्च्यांवर बसले. मावशी बसलीच नाही. मान वर करून उभी राहिली. मी तिचा चेहरा पाहिला आणि मला माझी लहानपणीची मावशी दिसली, जी दिवाळीत फटाके उडवण्याआधी त्यात काय काय असतं ते आम्हाला समजावून सांगायची, तोवर हातातली उदबत्ती संपून जायची.

मग तिचे प्रश्न सुरू झाले. ग्रॅफाइटच का? पाणी नदीचं, तर गाळायचं कसं? नळीतला इंधनाचा तुकडा बाहेर ढकलला की मागे कुठे पडायचा? मावशीचं इंग्रजी नागपुरी आहे, पण व्याकरण पक्कं. आजोबांना इतक्या वर्षांनी मनासारखा श्रोता मिळाला होता. त्यांनी उत्तरं इतकी लांबवली की टोपीवाल्या काकांपैकी दोघे बाहेर फिरायला निघून गेले.

त्यानंतर कंट्रोल रूम. तिथे पूर्ण भिंत भरून काटे असलेल्या तबकड्या होत्या, आणि मधोमध ऑपरेटरची खुर्ची. खुर्चीत बसून फोटो काढू देत होते. मावशी रांगेत पहिली. तिने पदर सारखा केला, एक हात बटणांच्या दिशेने लांब केला आणि चेहरा अत्यंत गंभीर केला.

"नीट काढ. शाळेच्या ग्रुपवर टाकायचा आहे."

मी तीन-चार फोटो काढले. मागे ती पन्नाशीची मुलगी उभी होती. शेजारधर्म म्हणून मी तिला म्हटलं, "तुमच्या आईंना पण बसायचं असेल ना? मी काढते दोघींचा."

ती हसली. अगदी साधं हसली. "नको, थँक यू. आई नागासाकीची आहे."

मला क्षणभर समजलं नाही. मग समजलं. इथे जे बनलं ते नागासाकीवर पडलं होतं, हे आजोबांनी आत्ताच, दहा मिनिटांपूर्वी सांगितलं होतं.

"ओह," मी म्हटलं. "आय ॲम सो सॉरी."

"अहो, ठीक आहे. तिलाच यायचं होतं. किती वर्षं म्हणत होती."

त्या वेळी बाई दाराजवळ दोन्ही हात पुढे जुळवून उभ्या होत्या आणि माझी मावशी अजून खुर्चीत बसून, हात बटणावर ठेवून, "दुसऱ्या अँगलने पण घे," म्हणत होती.

मी जवळ जाऊन मराठीत, हळू आवाजात तिला सांगितलं. मावशीचा हात खाली आला. ती उठली, खुर्ची जागच्या जागी सरकवली आणि थेट त्या बाईंकडे निघाली. मी तिच्या मागे.

"मावशी, नको ना. काही विचारू नकोस."

"मी कशाला विचारू? नमस्कार करते."

तिने खरंच फक्त नमस्कार केला. बाईंनी वाकून उत्तर दिलं. मावशी म्हणाली, "मी नागपूरहून आले. भारतात."

"मी नागासाकीहून," बाई म्हणाल्या. त्यांचं इंग्रजी उत्तम होतं, फक्त किनार जपानी. "सुरुवात सारखीच आहे."

"आमच्यात नाग म्हणजे साप. गावातून नदी जाते, तिचं नाव नाग."

"आमच्यात नागा म्हणजे लांब. लांब भूशिर." बाईंनी थोडा विचार केला. "साप पण लांबच असतो."

मावशी हसली.

बाहेर सावलीत बाकं आणि टेबलं होती. डबे उघडायला तिथे थोडा वेळ दिला होता. मावशीने न विचारता त्या दोघींना आमच्या टेबलावर बोलावलं आणि न विचारताच पुऱ्या वाढल्या. बाईंच्या डब्यात तांदळाचे त्रिकोणी गोळे होते, आत आंबट काहीतरी होतं. मावशीने एक खाऊन पाहिला. "लोणच्याचा भात," तिने निकाल दिला. बाईंनी पुरी खाल्ली, पाणी प्यायल्या, आणि दुसरी घेतली.

मग मावशीने सांगितलं की ती शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होती.

"हे पण?" बाईंनी त्या करड्या इमारतीकडे हनुवटीने खूण केली.

"हे पण. दहावीला थोडं, बारावीला जास्त."

"मुलींना समजायचं?"

"पहिल्या बाकावरच्यांना," मावशी म्हणाली. खोटं बोलणं तिला जमत नाही.

बाईंनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "मी लायब्ररीत काम केलं, आयुष्यभर. या विषयावरची किती पुस्तकं मी कपाटात लावली असतील. शाळांमध्ये जाऊन माझी गोष्टही सांगितली, पुष्कळदा. पण हे नक्की होतं कसं, ते मला कधी कुणी नीट समजावलं नाही. माझा जावई समजावतो, पण फार भराभर बोलतो. तुम्ही सांगाल?"

"आई," मुलगी म्हणाली.

"मी हिला विचारलं," बाई म्हणाल्या.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती विषय टाळेल. तिने खाऱ्या दाण्यांची पुडी उघडली आणि टेबलावर ओतली.

पुढची वीसेक मिनिटं मी माझ्या मावशीला वर्गात शिकवताना पाहिलं. ती माझी शिक्षिका कधीच नव्हती, मी दुसऱ्या शाळेत होते. तिने दाणे छोट्या छोट्या ढिगांत मांडले. एक दाणा बोटाने सरपटत नेला आणि एका ढिगावर आपटला. ढीग फुटला, दोन भाग झाले, दोन-तीन दाणे सुटे होऊन लांब गेले. "आता हे सुटे. हे पुढच्या ढिगांवर जाणार. ते फुटणार. त्यातून आणखी सुटणार." तिने बाईंना स्वतःच्या बोटाने करून बघायला लावलं. बाईंनी केलं. एक दाणा टेबलावरून खाली पडला.

"आणि इथे, या इमारतीत, ते थांबवायचे कसे?"

मावशीने दोन ढिगांच्या मध्ये आपला हात आडवा ठेवला. "असे दांडे घालायचे. सुटे दाणे ते खाऊन टाकतात. काढले की पुन्हा सुरू. इथे आगीसारखं सावकाश चालायचं. आणि ते चालू असताना त्यातून एक नवं द्रव्य तयार व्हायचं. तुमच्या गावावर जे आलं त्यात ते होतं. तिथे दांडे नव्हते."

मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. तिने माझ्याकडे लक्ष दिलं नाही. बाईंनीही दिलं नाही. त्या दाण्यांकडे बघत होत्या.

"पहिला दाणा आपोआप निघतो का?" त्यांनी विचारलं. "की कुणाला तरी ढकलावा लागतो?"

मावशीने एक दाणा बोटाने पुढे-मागे सरकवला. "तसे सुटे दाणे हवेत असतात. पण बॉम्बमध्ये नेमक्या वेळी व्हायला हवं, तर ढकलावा लागतो."

"हं," बाई म्हणाल्या. त्यांनी एक दाणा उचलला, पाहिला आणि खाल्ला. "खारट आहेत. छान आहेत."

त्यानंतर त्यांनी स्वतःहून थोडंसं सांगितलं. शाळेत सांगत असतील तसं नव्हतं ते, मध्येच सोडत, मध्येच पुरी खात. त्या तेव्हा पाच वर्षांच्या होत्या. आजीच्या घरी होत्या, डोंगराच्या या बाजूला. मोठी बहीण सकाळीच डोंगरापलीकडच्या कारखान्यात कामाला गेली होती, त्या काळात शाळेच्या मुलींनाही कारखान्यात लावत. बाई अंगणात झाडावरचा रातकिड्यासारखा ओरडणारा किडा पकडायच्या खटपटीत होत्या. एकदम उजेड झाला, मग दारं उडाली, आजीने गादी अंगावर टाकली. "गादीखाली तो किडा माझ्या मुठीत होता. ओरडायचा थांबला नव्हता." डोंगरामुळे त्या वाचल्या. बहीण परत आली नाही. वडील चार दिवस शोधत फिरले.

डब्याचं झाकण उघडं होतं ते मावशीने बंद केलं, पुन्हा उघडलं.

"आणि मग माझा नवरा," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. "सिएटलला लायब्ररीत भेटला. तो इथला. या गावचा."

"रिचलंडचा?" मी विचारलं.

"रिचलंडचा. त्याचे वडील इथे पाइप जोडायचे. या इमारतीत." त्यांनी पुन्हा हनुवटी हलवली. "युद्धाच्या वेळी."

आता मावशीने माझा पाय दाबला.

लग्नानंतर त्या पहिल्यांदा सासरी आल्या, तेव्हा सासरे फाटकाबाहेर उभे होते. त्यांनी सुटकेस घेतली, ती व्हरांड्यात ठेवली आणि सुनेला थेट मागच्या वाफ्यात नेलं. तासभर टोमॅटो दाखवले. कोणती जात, पाणी किती, कीड कशी घालवायची. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. सासरे गेले तोपर्यंत, जवळजवळ वीस वर्षं, दोघं टोमॅटोंवर बोलत राहिले.

"तुम्हाला माहीत होतं ते काय काम करायचे?" मावशीने विचारलं.

"सगळ्या गावाला माहीत होतं."

"आणि त्यांना तुमचं?"

"मुलाने लग्नाआधीच सांगितलं होतं."

"मग राग नाही आला?"

बाईंनी खांदे उडवले. "पहिल्यांदा येण्याआधी आला होता. गाडीत बसून मी काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं. पण ते तासभर टोमॅटोच दाखवत राहिले. एकेक तोडून माझ्या हातात देत होते. आणि टोमॅटो खरंच फार चांगले होते."

त्यांची मुलगी हसली. तिने ही गोष्ट शंभरदा ऐकली असावी. सासरे असेपर्यंत ही भट्टी बघायला लोकांना येऊ देत नसत. पुढे द्यायला लागले तेव्हा नवरा आजारी होता. आता तोही नव्हता. "त्या दोघांपैकी कुणाबरोबर आले असते तर मला त्यांच्याकडे बघावं लागलं असतं," बाई म्हणाल्या. "आज नुसतं बघितलं."

टूर संपवून बस गावात परत आली तेव्हा मला निघायची घाई होती. घरी पोचायला चार तास. पण पार्किंगमध्ये बाई म्हणाल्या की त्यांना सासऱ्यांचं जुनं घर बाहेरून बघायचंय, जवळच आहे. मावशी म्हणाली, "आम्ही पण येतो." विषय संपला. माझी गाडी त्यांच्या गाडीमागे.

घर बसकं, लाकडी, त्या गल्लीतल्या इतर घरांसारखंच. सरकारने कामगारांसाठी त्या काळी बांधलेलं. अंगणात शॉर्ट्स घातलेला एक जाडसर तरुण पाइपने गाडी धूत होता. दोन गाड्या थांबल्या आणि त्यातून चार बायका उतरल्या, त्यात एक नऊवारी नसली तरी साडीतली, तेव्हा त्याने पाणी बंद केलं.

बाईंच्या मुलीने सांगितलं की इथे पूर्वी तिचे आजोबा राहायचे. त्याने हात पँटला पुसले. "आत यायचंय का? पसारा आहे खूप."

"नको," बाई म्हणाल्या. "मागचं अंगण बघू?"

मागे टोमॅटो नव्हते. जिथे वाफा होता असं बाईंनी बोटाने दाखवलं, तिथे एक मोठं गोल ट्रॅम्पोलिन होतं, मुलांचं उड्या मारायचं, जाळी लावलेलं. तरुण ओशाळला. त्याला वाटलं काहीतरी चुकलं. म्हणाला, माती चांगली आहे, मीच आळशी आहे.

बाई ट्रॅम्पोलिनजवळ गेल्या, जाळी बाजूला केली आणि काठावर बसल्या. ताणलेलं कापड त्यांच्या वजनाने थोडं दबलं, मग वर आलं. त्यांना गंमत वाटली. त्यांनी मावशीला हाताने बोलावलं. मावशीचं वजन त्यांच्या दुप्पट. ती बसली तेव्हा बाई चांगल्या हातभर वर उचलल्या गेल्या आणि दोघी एकमेकींच्या दंडाला धरून हेलकावत राहिल्या. बाई खळखळून हसत होत्या, तोंडावर हात ठेवून. मग हसता हसता त्यांनी डोळे पुसले, आणि थोडा वेळ पुसतच राहिल्या. मावशीने त्यांचा दंड सोडला नाही. मुलगी पुढे झाली नाही, म्हणून मीही झाले नाही. तो तरुण आत गेला आणि बर्फ घातलेल्या लेमोनेडचे ग्लास घेऊन आला.

निघताना दोघींनी नंबर घेतले. मोठ्या अक्षरात, एकमेकींच्या फोनमध्ये टाइप करून.

परतीच्या वाटेवर याकिमा गावाजवळ रस्त्याकडेला चेरी विकायला बसले होते, तिथे थांबलो. चेरी खाता खाता मावशी म्हणाली, "मी मुलींना शिकवायची तेव्हा कधी कुणी असं विचारलं नाही."

"कसं?"

"ढकलावा लागतो का म्हणून."

खुर्चीतला फोटो तिने शाळेच्या ग्रुपवर टाकला नाही. मी दोनदा आठवण करून दिली. ट्रॅम्पोलिनचा टाकला.

सप्टेंबरच्या शेवटी ती नागपूरला परत गेली. रविवारी सकाळी, म्हणजे आमची शनिवारची रात्र व्हायच्या बेतात असते तेव्हा, मी तिला फोन करते. हल्ली पुष्कळदा ती उचलत नाही. नंतर मेसेज येतो. बाईंना चुंबक शिकवून झालं, वीज झाली, आता प्रकाश सुरू केलाय, आणि त्या फार शंका काढतात. मागच्या वेळी तर तिने फोन उचलला, "नंतर कर, तास चालू आहे," असं म्हणाली आणि ठेवून दिला. मागून कॉम्प्युटरवरून बाईंचा आवाज येत होता, त्या कसलं तरी स्पेलिंग विचारत होत्या.